सूत, इंच आणि मिलिमीटर : जालना जिल्ह्यातील दैनंदिन यांत्रिक कामातील मापनपद्धतींचे विवेचन

सारांश

भारताने मेट्रिक अर्थात दशमान मापनपद्धती कायद्याने स्वीकारल्यास सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तथापि गॅरेज, लेथची दुकाने, बांधकामे, नळकाम आणि कृषिपंपांची दुरुस्ती या क्षेत्रांत ‘सूत’ आणि ‘इंच’ ही मापे आजही प्रचारात आहेत. या सहअस्तित्वाकडे केवळ जुन्या सवयीचा अवशेष म्हणून पाहणे अपुरे आहे. कारागिराच्या तोंडी येणारा ‘इंच’ कधी प्रत्यक्ष माप असतो, तर कधी केवळ वस्तूचे नाव असतो. हा भेद न ओळखल्यामुळे सुरक्षिततेचे व आर्थिक नुकसानीचे प्रश्न कसे उद्भवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : सूत, इंच, दशमान पद्धती, आटे, नाममात्र माप, जालना

प्रस्तावना

मापन हा यांत्रिक कामाचा पाया होय. दोन स्वतंत्र ठिकाणी तयार झालेले भाग एकमेकांत अचूक बसावयाचे असतील, तर दोन्ही ठिकाणचे माप एकच असले पाहिजे. जालना जिल्ह्याच्या संदर्भात या विधानाला विशेष महत्त्व आहे. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून प्रामुख्याने वेगळा झालेला हा जिल्हा आज लोखंडी सळईच्या उत्पादनासाठी महाराष्ट्रात ओळखला जातो. येथील औद्योगिक वसाहतीत भंगार वितळविणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल्स आहेत. त्याचबरोबर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण असल्यामुळे विहीर, पंप, पाइपलाइन व ठिबक संच हा ग्रामीण जीवनाचा अविभाज्य भाग झाला आहे.

कारखान्यातून सळई बाहेर पडते ती मिलिमीटरमध्ये. परंतु गावातील गवंडी ती मागतो ‘चार सुती’ म्हणून. शेतकऱ्याच्या पाइपवर ‘६३ मिमी’ छापलेले असते. दुकानात तो मागितला जातो ‘दोन इंची’ या नावाने. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी ‘एम १०’ शिकतो आणि कामावर रुजू झाल्यावर त्याच्या कानी ‘तीन सुती बोल्ट’ पडतो. या दोन भाषांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) यांत्रिक कामात इंच व सूत टिकून राहण्याची कारणे शोधणे.
२) सळई, बोल्ट, पाइप व तार या चार वस्तूंच्या आधारे दोन्ही पद्धतींतील तफावत आकडेवारीने स्पष्ट करणे.
३) अध्यापनाच्या दृष्टीने उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी मापनविषयक कायदे, भारतीय मानके आणि बाजारातील सर्वपरिचित प्रघात यांचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत हात, वीत, तसू आणि गज या देशी मापांच्या जोडीला फूट व इंच आले. यंत्रे इंग्लंडहून येत असल्याने कारखानदारीची भाषा इंचाचीच झाली. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांची प्रमाणित पद्धती मांडली आणि तीच भारतीय कार्यशाळांत रुळली.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५६ च्या वजनमाप प्रमाण कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढे १९७६ चा कायदा आला आणि सध्याचा वैधमापनशास्त्र कायदा, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. प्रमाणित एककांखेरीज अन्य एककांत व्यवहाराचे दर सांगण्यास हा कायदा प्रतिबंध करतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५९ मध्ये इंचाची लांबी नेमकी २५.४ मिलिमीटर निश्चित झाली. म्हणजेच तेव्हापासून इंचाची व्याख्याच मीटरच्या आधारे केली जाते. तत्त्वतः दोन पद्धतींमधील वाद तेथेच संपला. व्यवहारात मात्र तो संपला नाही.

कायद्याने ठरलेले एकक आणि प्रत्यक्षात उभी असलेली वस्तू यांची गती सारखी नसते, याचे बोलके उदाहरण जालन्यातच आहे. १८७० च्या सुमारास भारत सरकारने अरुंद लोहमार्गासाठी एक मीटर रुंदी निवडली, ती पुढे देशात दशमान पद्धती येईल या अपेक्षेने. निजामाच्या राज्यातून सिकंदराबाद ते मनमाड हा जालन्यावरून जाणारा मार्ग याच मीटरगेजचा होता. दशमान पद्धती देशात पुरती रुजल्यानंतर, १९९० च्या दशकात, या भागातील मार्गाचे रुंदीकरण झाले; आणि नवी रुंदी झाली १,६७६ मिलिमीटर, म्हणजे मूळची ५ फूट ६ इंच. देशातील बहुसंख्य रूळ त्या रुंदीचे असल्याने दुसरा पर्यायच नव्हता. एकदा रुजलेले माप किती चिवट असते, हे यावरून ध्यानात येते.

सूत व इंच टिकून राहण्याची कारणे

‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिलिमीटर. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. या मापाच्या टिकाऊपणामागे तीन कारणे संभवतात.

पहिले कारण भाषिक आहे. मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकवाचक शब्द बोलीत सहज वावरतात. इंचाची विभागणी निम्म्याने होत जाते, त्यामुळे ती या शब्दांशी जुळते. ‘सव्वा इंची’ म्हणणे जितके सोपे आहे तितके ‘३१.७५ मिलिमीटर’ म्हणणे नाही. रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून गेले तरी ‘सोळा आणे खरे’ हा शब्दप्रयोग उरला, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, आण्याने आज कोणी हिशेब करीत नाही. सुताने मात्र करतो.

दुसरे कारण वस्तुगत आहे. पाइपाचे आटे, वाहनांच्या चाकांचे रिम आणि ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट यांचे मूळ माप आजही इंचातूनच आलेले आहे. मिनिटाला ५४० फेरे फिरणाऱ्या सर्वपरिचित पीटीओ शाफ्टचा व्यास १ ३/८ इंच असतो. ट्रॅक्टरचे उर्वरित सर्व भाग मेट्रिक असले तरी अवजार जोडण्याचे ठिकाण जगभर समान राहावे म्हणून ते माप कायम ठेवण्यात आले.

तिसरे कारण व्यवसायशिक्षणाचे आहे. आपल्याकडे मिस्त्रीचे ज्ञान पुस्तकापेक्षा उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. शब्द त्यासोबतच येतात.

नवे तंत्र ज्या मापासह येते ते माप लोक विनासायास स्वीकारतात, हेही येथे नोंदविले पाहिजे. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी शेतकरी ‘सोळा एमएम’ असेच म्हणतो. तिला कोणी ‘पाच सुती’ म्हणत नाही. ग्रामीण माणूस दशमान पद्धती स्वीकारीत नाही हा समज यामुळे निराधार ठरतो.

विवेचन

१) सळई : नावाआड गेलेले वजन

भारतीय मानक १७८६ नुसार सळईचे नाममात्र व्यास ८, १०, १२, १६, २०, २५ मिलिमीटर असे असतात. बाजारात त्यांना सुताची नावे चिकटली. प्रत्यक्ष सूत आणि त्याच्या जागी येणारी सळई यांच्या छेदाच्या क्षेत्रफळातील फरक पुढीलप्रमाणे आहे.

३ सूत (९.५२५ मिमी) – जागी १० मिमी – क्षेत्रफळ सुमारे १०.२ टक्के अधिक
४ सूत (१२.७ मिमी) – जागी १२ मिमी – क्षेत्रफळ सुमारे १०.७ टक्के कमी
५ सूत (१५.८७५ मिमी) – जागी १६ मिमी – क्षेत्रफळ सुमारे १.६ टक्के अधिक
६ सूत (१९.०५ मिमी) – जागी २० मिमी – क्षेत्रफळ सुमारे १०.२ टक्के अधिक
८ सूत (२५.४ मिमी) – जागी २५ मिमी – क्षेत्रफळ सुमारे ३.१ टक्के कमी

व्यासात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटतो. परंतु सळईची ताण सोसण्याची क्षमता व्यासावर नव्हे, तर व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ‘चार सुती’च्या बाबतीत फरक दहा टक्क्यांपलीकडे जातो. जुन्या इमारतीच्या नकाशात अर्ध्या इंचाची सळई धरलेली असेल आणि दुरुस्तीच्या वेळी तितक्याच संख्येने १२ मिमीच्या सळया टाकल्या, तर पोलादाचा दहावा हिस्सा कमी पडतो.

याहून गंभीर बाब निराळी आहे. १२ मिमी सळईचे वजन मानकानुसार प्रतिमीटर ०.८८८ किलोग्रॅम असते आणि त्यात संपूर्ण खेपेसाठी अधिक-उणे ५ टक्के सूट आहे. समजा, एखादी सळई प्रत्यक्षात ११.५ मिमी व्यासाएवढ्याच वजनाची निघाली. तर तिचे वजन सुमारे ८ टक्के कमी भरेल आणि ती मानकाबाहेर जाईल. ‘चार सुती’ या नावात मात्र १२.७, १२ आणि ११.५ हे तिन्ही सामावतात. सळई वजनावर घेतली तर ग्राहक निदान जेवढ्या पोलादाचे पैसे देतो तेवढे पोलाद घरी नेतो, जरी नगांची संख्या वाढली तरी. नगावर घेतली तर सैल नावाचा तोटा सरळ त्याच्या पदरी पडतो. कोणत्याही प्रकारे घेतली, तरी स्तंभात सळया मोजून टाकल्या जातात. त्यामुळे तेथील पोलाद कमीच पडते.

यावर उपाय सोपा आहे. सळईवर उंचवटे असल्याने व्हर्नियरने तिचा व्यास नेमका मिळत नाही, वजनाने मिळतो. मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले असता प्रतिमीटर वजन किलोग्रॅममध्ये येते. १२ चा वर्ग १४४. त्याला १६२ ने भागल्यास ०.८८९. म्हणजे १२ मीटर लांबीची एक सळई सुमारे १०.७ किलोग्रॅम भरली पाहिजे. हे सूत्र पोलादाच्या ७,८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर या घनतेतून निघते. इतके साधे गणित केवळ दशमान पद्धतीतच शक्य होते. सूत व पौंड घेऊन ते तोंडी करणे कठीण आहे.

२) बोल्ट, आटे व पाने : थोडासा विजोड

‘तीन सुती’ बोल्ट म्हणजे ३/८ इंच, अर्थात ९.५२५ मिमी व्यासाचा. त्याला इंचात १६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर १.५८७५ मिमी. ‘एम १०’ बोल्टचा व्यास १० मिमी आणि आट्यांतील अंतर १.५ मिमी. दर आट्यामागे फरक अवघा ०.०८७५ मिमी. त्यामुळे तीन सुती बोल्ट ‘एम १०’च्या नटात फिरतो, आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो.

मूळ मापांनुसार हिशेब केल्यास सत्य वेगळे दिसते. एम १० नटाच्या आट्यांचा आतील व्यास ८.३७६ मिमी असतो. त्यात १० मिमीचा बोल्ट प्रत्येक बाजूने ०.८१ मिमी रुततो. ३/८ इंचाचा बोल्ट केवळ ०.५७ मिमी, म्हणजे सुमारे ७० टक्के. शिवाय पाच आट्यांत अंतराचा फरक साठत साठत जवळपास ०.४४ मिमी होतो. परिणामी सर्व आट्यांवर भार समान न पडता एक-दोन आट्यांवरच येतो. मळणीयंत्र वा रोटाव्हेटरसारख्या सतत हादरे बसणाऱ्या अवजारात असा बोल्ट ढिला होतो किंवा आटे सोलून निघतात. कारागीर मग ‘माल हलका आहे’ असा निष्कर्ष काढतो. दोष मालाचा नसून जोडीचा असतो.

अर्धा इंच व्हिटवर्थ आणि ‘एम १२’ यांच्या आट्यांतील अंतरे अनुक्रमे २.११७ व १.७५ मिमी असल्याने तो घोटाळा हाताला लगेच कळतो. मोठा विजोड स्वतःच ओरडून सांगतो. थोडा विजोडच फसवतो.

पान्यांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तेथे १९ चा पाना बहुधा चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तेथे १३ चा पाना ०.३ मिमी सैल बसतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे झिजतात. एका जोडीत चालले म्हणून दुसऱ्या जोडीत चालेल, हे अनुमान येथे चुकते. जुन्या व्हिटवर्थ पान्यावरील आकडा तर नटाच्या बाजूंमधील अंतराचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो. एकच आकडा, परंतु मोजलेली वस्तू वेगळी, असा हा प्रकार आहे.

३) पाइप : न सापडणारा इंच

‘अर्धा इंची’ लोखंडी पाइप मोजून पाहिला असता त्याचा बाहेरील व्यास सुमारे २१.३ मिमी आणि मध्यम जाडीच्या पाइपचा आतील व्यास सुमारे १६ मिमी भरतो. १२.७ मिमी, म्हणजे खरा अर्धा इंच, त्यात कोठेच सापडत नाही. मानकात त्याला १५ मिमी म्हटले आहे, तेही नाममात्रच. अर्थात येथे इंच आणि मिलिमीटर दोन्ही केवळ नावे आहेत. मात्र त्याच पाइपाच्या टोकाला इंचात १४ आटे असतात, आणि तेथे इंच हे खरेखुरे माप आहे. दशमान देशांतही पाइपाचे हेच आटे वापरले जातात.

शेतातील पीव्हीसी पाइपांच्या बाबतीत गुंता वाढतो. हे पाइप बाहेरील व्यासाने ओळखले जातात. ६३ मिमीला ‘दोन इंची’, ७५ ला ‘अडीच इंची’, ९० ला ‘तीन इंची’ व ११० ला ‘चार इंची’ म्हणण्याचा प्रघात आहे. लोखंडी दोन इंची पाइपाचा बाहेरील व्यास मात्र सुमारे ६०.३ मिमी आणि चार इंचीचा सुमारे ११४.३ मिमी असतो. विहिरीतून वर येणारा लोखंडी ‘दोन इंची’ आणि शेतात पसरलेला पीव्हीसी ‘दोन इंची’ हे नावाने सख्खे असले तरी मापाने जुळत नाहीत. मध्ये आट्यांचा जोड द्यावा लागतो. ऐन पाणीपाळीच्या वेळी चुकीचा जोड आणल्यामुळे तालुक्याच्या गावी पुन्हा जावे लागणे, हा शेतकऱ्याच्या एका दिवसाचा आणि पिकाच्या एका पाळीचा प्रश्न होतो.

४) वाइंडिंगची तार : एककाविना आकडा

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत तांब्याच्या तारेची जाडी ‘गेज’ने सांगण्याची रीत आहे. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. ब्रिटिश प्रमाणानुसार २० गेजची तार ०.९१४ मिमी, तर अमेरिकन प्रमाणानुसार ०.८१२ मिमी जाडीची असते. दुसरीचे छेदक्षेत्र सुमारे २१ टक्के कमी आहे. पहिलीच्या जागी दुसरी वापरली, तर रोध वाढतो, मोटार तापते आणि जळते.

केवळ आकडा म्हणजे माप नव्हे, याची प्रचिती जगाने मोठ्या प्रमाणावरही घेतली आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना प्रतिलिटर १.७७ हा पौंडांचा गुणक किलोग्रॅमचा समजून वापरला गेला. विमानातील इंधन आकाशातच संपले. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरू शकले आणि जीवितहानी टळली. त्या प्रसंगी कोणाचाही गुणाकार चुकला नव्हता. आकड्यामागचे एकक हरवले होते.

निष्कर्ष

१) जालना जिल्ह्यातील यांत्रिक कामात इंच तीन रूपांत आढळतो : खरे माप म्हणून (पाइपाचे आटे, जुने बोल्ट), केवळ नाव म्हणून (पीव्हीसी पाइप, पाइपाचा व्यास), आणि वेगळ्याच मापाला चिकटलेले जुने नाव म्हणून (सळई).

२) नुकसान दोन पद्धती शेजारी नांदतात म्हणून होत नाही; ते नावाला माप समजल्यामुळे होते.

३) ज्या ठिकाणी तफावत अल्प असते, तेथेच धोका अधिक असतो.

उपाययोजना

१) शाळा, महाविद्यालय व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘इंच गुणिले २५.४’ एवढ्यावर न थांबता, ‘हा इंच नाव आहे की माप?’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

२) भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात व्हर्नियरने धातूचा गोल ठोकळा मोजतो, त्याच जोडीला सळईचा एक मीटर तुकडा वजन करून त्याचा व्यास काढणे, तसेच ३/८ इंच व एम १० बोल्ट आटेमापक पट्टीने ओळखणे, हे प्रयोग घेता येतील. त्यासाठी येणारा खर्च नगण्य आहे.

३) मराठी विभागांनी सूत, आटे, गेज, पाना यांसारख्या व्यवसायशब्दांचे त्यांच्या मेट्रिक किमतींसह स्थानिक कोश तयार करावेत. हे काम भाषेचे आहे तितकेच सुरक्षिततेचेही आहे.

४) घर बांधणाऱ्याने सळईची मागणी व देयक मिलिमीटर आणि किलोग्रॅममध्येच घ्यावे आणि एका सळईचे वजन स्वतः करून पाहावे.

‘सूत’ हा शब्द बोलीतून हद्दपार करण्याची आवश्यकता नाही. मिस्त्रीने ‘चार सुती’ अवश्य म्हणावे; परंतु त्या चार सुतांत किती मिलिमीटर आणि किती किलोग्रॅम आहेत, हे त्याला व त्याच्या ग्राहकाला ठाऊक असावे. ते ठाऊक करून देणे हे अध्यापकाचे काम होय.